०.३ मिमीची खाच, पीक प्लास्टिकचा बुश आणि ड्रॉइंगवरचे ±५ मायक्रॉन

नवी_रेघ

नमस्कार मंडळी. मी डिझाइनचं काम करते. सध्या द्रवाचा अगदी बारीक प्रवाह नियंत्रित करणाऱ्या एका व्हॉल्व्हचे दोन छोटे भाग हातात आहेत.

पहिला भाग म्हणजे ३१६एल स्टेनलेसची चकती. व्यास ६ मिमी, जाडी १.२ मिमी. तिच्या एका तोंडावर काठापासून काठापर्यंत सरळ खाच, ०.३ मिमी रुंद आणि ०.६ मिमी खोल. खाचेच्या दोन्ही बाजूंना आरपार जाणारी ०.२५ मिमीची दोन भोकं. दुसरा भाग पीक (PEEK) या प्लास्टिकचा बुश, म्हणजे छोटी नळी. बाहेरचा व्यास ४, आतला २, लांबी ३ मिमी. हा बुश स्टेनलेसच्या बॉडीत दाबून बसतो आणि त्याच्या आत २ मिमीची स्टेनलेस पिन सरकते. व्हॉल्व्ह चालताना तापमान ८० अंशांपर्यंत जातं.

ड्रॉइंगवर सगळ्याच मापांना ±५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) एवढीच सूट आहे.

खाचेसाठी ०.३ मिमीचं दोन धारांचं कार्बाइड एंड मिल (फिरतं कापायचं टूल) वापरलं जातंय, टूल फिरवणारा स्पिंडल २४,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. टूल टिकत नाहीत. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी करत करत मिनिटाला २० मिमीपर्यंत आणला, तर टूल आणखी लवकर जाऊ लागली. खाचेचा तळ चमकतो पण ओरबाडल्यासारखा दिसतो. बुशची तक्रार वेगळी आहे. मशीनवर असताना बोअर (आतलं भोक) मापात, काढल्यावर मापाबाहेर.

मशीन बदलायची चर्चा सुरू झाली आहे. खरंच मशीन कमी पडतंय का?

टर्नर_आप्पा

मशीनकडे नंतर येऊ. आधी फीडचा हिशेब मांडतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

मिनिटाला २० मिमी, २४,००० फेरे, दोन धारा. एका धारेच्या वाट्याला साधारण ०.४ मायक्रॉन येतात. आता धारेकडे बघा. नव्या कोऱ्या कार्बाइड टूलची धारसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली गोलसर असते, १ ते ५ मायक्रॉन त्रिज्येची. चिप (कापून निघणारा धातूचा कपचा) सुटायला एक किमान जाडी लागते आणि ती या त्रिज्येच्या २० ते ४० टक्क्यांच्या आसपास असते, धातूप्रमाणे कमीजास्त. धार २ मायक्रॉनची धरली तर ०.४ ते ०.८ मायक्रॉनच्या खाली चिप तयारच होत नाही. सुताराच्या रंध्याचं पातं फारच कमी बाहेर काढलं की ते लाकडावरून नुसतं सरकतं, तसंच इथे होतं. धातू दबतो, थोडा मागे उसळतो, पुढच्या फेऱ्याला पुन्हा दबतो. काही फेऱ्यांनी साचलेला थर एकदम धारेसमोर येतो आणि टूलवर धक्का बसतो.

त्यात तुमचा धातू ३१६एल. हा जात्याच दाबला की कडक होणारा. घासत गेलेल्या प्रत्येक फेऱ्यामागे पुढच्या फेऱ्यासाठी आधीपेक्षा कडक कातडी तयार होते. चकचकीत तळ दिसतो म्हणालात, तो कापलेला नाही, घोटलेला आहे.

मोठ्या कामात आपला हात सांगतो की टूल तुटतंय तर फीड कमी कर. मिलीमीटरच्या जगात ते बरोबर आहे. इथे त्याने उलटं होतं. एका धारेला २.५ मायक्रॉन द्या, म्हणजे मिनिटाला १२० मिमी. कमी करायचंच असेल तर खोली कमी करा, एका फेरीत १०–१५ मायक्रॉन. म्हणजे ०.६ मिमी खोलीला चाळीस ते साठ फेऱ्या लागतील, लागू देत.

आरपीएमची काळजी नको. २४,००० ला ०.३ च्या टूलचा कटिंग स्पीड मिनिटाला साडेबावीस मीटर येतो. स्टेनलेसला चालतो. ॲल्युमिनियम असतं आणि मिनिटाला १०० मीटर हवे असते, तर एक लाखाच्या वरचा स्पिंडल लागला असता.

गाभा

आप्पांच्या हिशेबाला जोडून: रनआउट (फिरताना टूलचं टोक मध्यापासून किती डगमगतं ते) किती आहे? ते कळल्याशिवाय २.५ मायक्रॉन हा आकडा कागदावरच राहतो.

टूलच्या टोकाला एकूण ३ मायक्रॉन रनआउट आहे असं धरा. मोठ्या कामात या आकड्याकडे कोणी बघणारही नाही. पण दोन धारा समोरासमोर असतात, त्यामुळे एका धारेच्या वाट्याला ३ मायक्रॉन जास्त येतात आणि दुसरीच्या वाट्याला तेवढेच कमी. एका धारेला २.५ ठरवलेत तर पहिली ५.५ घ्यायला जाते आणि दुसरीला वजा अर्धा, म्हणजे काहीच नाही. एका फेऱ्यातले सगळे ५ मायक्रॉन एकटी पहिली धार ओढते. तुम्ही दोन धारांचं टूल लावलंय आणि कापतेय एकच, दुप्पट भार घेऊन. ०.४ मायक्रॉनच्या फीडला तर हे आणखी ठळक.

साध्या ईआर कोलेटवर (टूल आवळून धरणाऱ्या बाहीवर) टोकाशी १० मायक्रॉन सहज मिळतात. श्रिंक फिट (तापवून टूल बसवायचा, थंड झाल्यावर आवळणारा होल्डर) किंवा निवडक प्रिसिजन कोलेट घ्या. कोलेट आणि नटचा कोन प्रत्येक वेळी पुसा, तिथे अडकलेला एक कणसुद्धा टोकाशी दिसतो. आणि शँकवर (टूलच्या धरायच्या भागावर) डायल लावून समाधान मानू नका, कारण ग्राइंड केलेलं टोक शँकशी एककेंद्री असेलच असं नाही. ०.३ च्या टोकावर डायल टेकवता येत नाही, ते वाकतं. तिथे लेझर टूल सेटर किंवा कॅमेरा हवा, आणि तोही स्पिंडल कामाच्या वेगाला फिरत असताना.

नवी_रेघ

खूप उपयोगी. टूलची मान ३ मिमी लांब आहे असं कळलं. कारण विचारलं तर "तेच स्टॉकमध्ये होतं".

गाभा

मग हेही मोठं कारण. टोकाला भार आला की वाक लांबीच्या घनाने वाढतो आणि व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतो. तुमची खाच ०.६ मिमी खोल आहे, १ मिमी मान पुरेशी. ३ ची १ केली की मानेचा वाक २७ पट कमी. हा बदल कुठल्याही नव्या मशीनपेक्षा जास्त देईल, आणि मी हे अगदी ठामपणे म्हणतो.

दुसरं. ०.३ च्या खाचेला ०.३ चंच टूल लावलं तर रुंदी तुमच्या हातात राहत नाही. टूलचा खरा व्यास अधिक रनआउट, जे येईल ते. बारीक टूलच्या व्यासालाच बऱ्याचदा शून्य ते उणे १० मायक्रॉन टॉलरन्स असतो. ०.२५ चं टूल घ्या, मधून खाच पाडा आणि दोन्ही भिंतींवर फिनिश पास मारून माप आणा.

ठिणगी

खाच काठापासून काठापर्यंत उघडी आहे म्हणता, मग वायर ईडीएम (तारेतून पडणाऱ्या विजेच्या ठिणग्यांनी कापणं) का नको? बाजूने वायर घातली की टूल तुटणं, घासणं, रनआउट, काहीच नाही. धातू किती कडक आहे याच्याशी वायरला देणंघेणं नसतं. नेहमीची ०.२५ ची वायर इथे चालणार नाही, कारण दोन्ही बाजूंची ठिणगीची फट धरली की तीच ०.३ ला पोचते. ०.१५ ची घ्या आणि एका रफ कटनंतर दोन-तीन हलके स्किम कट मारा. रफ कटनंतर वितळून पुन्हा गोठलेला काही मायक्रॉनचा थर भिंतीवर राहतो, तो स्किम कटमध्ये बराचसा जातो.

या पद्धतीचा जन्म मला फार आवडतो. १९४३ च्या सुमारास सोव्हिएत संघात लाझारेंको पती-पत्नी विजेच्या स्विचमधले टंगस्टनचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी का झिजतात याचा अभ्यास करत होते. झीज थांबवायची होती. संपर्कबिंदू वीजरोधक द्रवात बुडवले तेव्हा झीज थांबली नाही, पण ती अधिक एकसारखी, ताब्यात ठेवता येण्याजोगी झाली. मग त्यांनी त्या झिजेलाच कामाला लावलं.

टर्नर_आप्पा

ठिणगी, वायरने खाच सुंदर येईल यात शंका नाही. माझा आक्षेप सेटिंगवर आहे. खाच आणि दोन भोकं यांचं एकमेकांशी नातं ड्रॉइंगवर असणारच. चकती मशीनवरून काढून वायरवर नेली की पुन्हा शून्य शोधावं लागतं. ६ मिमीची चकती फिक्स्चरमध्ये परत बसवून काही मायक्रॉनमध्ये शून्य मिळवणं, तेही प्रत्येक नगाला, हे खाच मिल करण्यापेक्षा अवघड काम आहे.

मी असं करीन. बारवरच (कच्च्या दांड्यावरच) ६ मिमी व्यास टर्न करायचा, तोंड साफ करायचं, भोकं पाडायची, खाच मारायची आणि सगळ्यात शेवटी चकती पार्ट ऑफ करायची, म्हणजे बारपासून कापून वेगळी. नाजूक काम चालू असताना जॉबला धरायला सगळा बार असतो. एकच सेटिंग. चकतीची मागची बाजू नंतर लॅप करून (बारीक लुकण लावून घासून) जाडीला आणायची.

मुळात घड्याळाच्या सुट्या भागांसाठी १८७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये स्लायडिंग हेडचं लेथ आलं, त्यामागचं तत्त्व हेच. बार गाइड बुशमधून पुढे सरकतो आणि टूल त्या बुशला अगदी खेटून कापतं. वर गाभा यांनी जो लांबीचा घन सांगितला, त्यातली लांबीच जवळपास नाहीशी केली. तुमची २ मिमीची पिन अशाच लेथवर करा. फक्त एक पथ्य: बार ग्राउंड हवा. गाइड बुशमधली मोकळी जागा काही मायक्रॉनची असते, बारचा व्यास बदलला की तो बदल थेट जॉबवर उतरतो.

ठिणगी

एका सेटिंगचा मुद्दा मान्य. भोकं आणि खाच यांचं नातं सैल असेल तरच वायरचा विचार करा.

अचूकमापी

नवी रेघ, मी मापनाच्या बाजूने बोलते. तुमच्या ड्रॉइंगवरचे सगळीकडचे ±५ वाचून पहिला प्रश्न मनात आला तो असा: हे मोजणार कशाने?

±५ म्हणजे पूर्ण पट्टा १० मायक्रॉनचा. जुना नियम असा की मापनातली अनिश्चितता पट्ट्याच्या दहाव्या भागात असावी, म्हणजे इथे १ मायक्रॉन. तुमच्या प्रत्येक मापासाठी १ मायक्रॉनने खात्री देणारी पद्धत आहे का? नसेल तर चांगले नग फेकले जातील आणि वाईट नग पुढे जातील, आणि दोन्हींचा दोष मशीनच्या माथी येईल.

बुश घ्या. साध्या मायक्रोमीटरचा दाब ५ ते १० न्यूटन असतो. पीकचा ताठपणा ४ गिगापास्कलच्या आसपास, स्टेनलेसच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. तुमच्या ४ मिमीच्या, १ मिमी भिंतीच्या, ३ मिमी लांब कड्यावर ५ न्यूटन दाब दिला तर माझ्या हिशेबाने ते २ ते ३ मायक्रॉन चपटं होतं. मायक्रोमीटर प्रामाणिकपणे आकडा दाखवतो, पण तो चपट्या झालेल्या बुशचा.

याहून फसवी गोष्ट आकाराची आहे. तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ बुश धरला की तो तीन ठिकाणी आत दबतो. त्या अवस्थेत बोअर अगदी गोल केला तरी जबडे सुटल्यावर बुश मूळ जागी येतो आणि बोअर तीन फुगवट्यांचा होतो. "मशीनवर मापात, काढल्यावर बाहेर" याचं हे एक कारण. आता खरी मेख: तीन फुगवट्यांचा आकार दोन टोकांत धरून मोजला तर जिथे धराल तिथे जवळपास सारखंच माप मिळतं. दोन बिंदूंवर मोजणारं कुठलंही साधन हा दोष पाहूच शकत नाही. तो दिसतो राउंडनेस टेस्टरवर, नाहीतर व्ही ब्लॉकमध्ये फिरवून. पिन मात्र तीन ठिकाणी अडकते आणि सगळे म्हणतात, मापं तर बरोबर आहेत.

जबड्यांऐवजी सगळीकडून सारखं कवटाळणारं कोलेट वापरा.

पॉलिमर_प्रेमी

अचूकमापी ताईंना पूर्ण अनुमोदन. पीकबद्दल आणखी तीन कारणं सांगतो, कारण धातूची सवय असलेल्यांकडून ती हमखास सुटतात.

एक, आतला ताण. एक्सट्रूड केलेल्या दांड्यात बनतानाचाच ताण अडकलेला असतो. गाभ्यातला माल काढला की उरलेल्या भागाचा तोल जातो आणि तो हलतो. उपाय: आधी रफ करा, मग २०० ते २५० अंशांवर ॲनीलिंग (तापवून ताण घालवणं), तिथून ताशी १० अंशांच्या आसपास, अगदी हळू थंड करणं, आणि मगच फिनिश. घाईने थंड केलंत तर नवा ताण भरलात.

दोन, उष्णता. धातूत कापण्याची बरीच उष्णता चिपबरोबर निघून जाते, काही जॉबमधून वाहून जाते. पीकची उष्णतावाहकता एकाच्या जवळपासही नाही, पाव ते एक तृतीयांश वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या दरम्यान. ॲल्युमिनियमची दोनशेच्या घरात. उष्णता जिथे निर्माण झाली तिथेच बसून राहते. म्हणून टूल अतिशय तीक्ष्ण हवं, पॉलिश केलेलं, शक्यतो कोटिंग नसलेलं, कारण कोटिंगने धारेची गोलाई वाढते. स्टेनलेसवर चाललेलं टूल पीकला लावू नका. कापल्या कापल्या मोजूही नका. बुश खोलीपेक्षा ३० अंश गरम असेल तर २ मिमी बोअर पावणेतीन मायक्रॉन मोठा दिसतो.

तीन, आणि इथे ड्रॉइंगच बदलावं लागेल असं मला वाटतं. ८० अंश म्हणालात. पीक दर अंशाला मीटरमागे साधारण ४७ मायक्रॉन वाढतं, ३१६एल १६. ते २० वरून ८० वर गेलं की ४ मिमी व्यासावर पीकला स्टेनलेसपेक्षा सुमारे ७.४ मायक्रॉन जास्त जागा हवी असते. बॉडी ती देत नाही. मग बुश आत वाढतो. जाड कड्याच्या सूत्राने मांडून पाहिलं: मोकळा असता तर बोअर ५.६ मायक्रॉन मोठा झाला असता. बाहेरून अडवल्यामुळे तो सव्वादोनने लहान होतो. पिन स्वतः जवळजवळ २ ने वाढते. म्हणजे पिन आणि बोअर यांच्यामधली जागा सुमारे ४ मायक्रॉनने घटते.

बोअर आणि पिन दोघांना २.००० ±०.००५ असेल तर थंडीतसुद्धा काही जोड्या घट्ट निघतील. ८० ला तर बऱ्याच.

नवी_रेघ

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं अशा पद्धतीने समोर आलं. बोअरला एच७ आणि पिनला एच६ (लहान अक्षरातला) देऊ का? म्हणजे मापांना किती सूट द्यायची याचे मानकातले ठरलेले दर्जे.

पॉलिमर_प्रेमी

३ मिमीपर्यंतच्या व्यासाला एच७ म्हणजे शून्य ते अधिक १०, आणि पिनचा लहान एच६ म्हणजे शून्य ते उणे ६. किमान जागा शून्य. ४ मायक्रॉन घटल्यावर उणे. अडकेल. बोअरला मोठ्या अक्षरातला एफ७ द्या, अधिक ६ ते अधिक १६. मग ८० अंशांनाही किमान २ मायक्रॉन उरतात.

पण बुश दाबून बसतो हे विसरू नका. बाहेरच्या व्यासावर १० मायक्रॉनची घट्ट बसणी असेल तर या प्रमाणाच्या बुशमध्ये बोअर तितकाच, किंबहुना किंचित जास्त आकसतो. सगळा एफ७ त्यात वाहून जाईल. म्हणून बुश आधी बॉडीत दाबा आणि मग बोअर फिनिश करा. स्टेनलेसची बॉडी त्याला आयती धरून ठेवते, चकचा प्रश्न मिटतो, आणि सुट्या बुशच्या बोअरला ±५ देण्याची गरजच राहत नाही. सुट्या अवस्थेत त्याला ±५० दिलेत तरी चालेल.

आणि कोणी पीकऐवजी नायलॉन सुचवलं तर नम्रपणे नकार द्या. नायलॉन ६६ साध्या दमट हवेत वजनाच्या दोन-अडीच टक्के पाणी घेतं आणि मापात अर्ध्या टक्क्याच्या आसपास फुगतं. ४ मिमीला २० मायक्रॉन.

गाभा

एक शंका. पीकला कूलंट की हवा?

पॉलिमर_प्रेमी

मी कोरडी हवाच वापरतो. पीकला बहुतेक कूलंट सोसतात, पण द्रवाच्या प्रवाहासाठीचा भाग आहे, तेलाचा अंश राहायला नको.

टर्नर_आप्पा

इथे माझं मत थोडं वेगळं. २ मिमी बोअरमध्ये नुसत्या हवेने चिप नेहमी बाहेर येत नाही, ती टूलभोवती गुंडाळते आणि भिंत ओरखडते. स्वच्छ पाण्यात मिसळणारं कूलंट वापरा आणि नंतर नीट धुवा. पॉलिकार्बोनेट असतं तर मी तुमच्याच बाजूला असतो, त्याला चुकीच्या कूलंटने तडे जातात.

अचूकमापी

तापमानाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते, कारण यावर बरीच शक्ती वाया जाताना पाहते. मापाचं संदर्भ तापमान २० अंश. आंतरराष्ट्रीय वजन-माप समितीने हे १९३१ मध्ये ठरवलं, आणि आयएसओच्या मानकांत क्रमांक १ चा मान याच विषयाला आहे. त्याआधी वेगवेगळ्या देशांची संदर्भ तापमानं वेगवेगळी होती. १८९६ मध्ये योहानसन यांनी स्लिप गेजचा (ठरलेल्या मापांच्या ठोकळ्यांचा) संच कल्पिला, तो जगभर पसरल्यावर हा फरक फारच बोचू लागला.

पण तुमची चकती ६ मिमीची आहे. १ अंश फरक पडला तर ती ०.१ मायक्रॉन बदलते. जॉबच्या तापमानाची चिंता लहान भागात लहान असते. मशीन मात्र लहान नसतं. टूलच्या टोकापासून स्पिंडल, कॉलम, टेबल आणि जॉबपर्यंतची वाट ३०० मिमी धरली तरी बिडाच्या मशीनमध्ये एका अंशाला ३ मायक्रॉन होतात. स्पिंडल तापून लांब होतो ते वेगळं, आणि ते दहा-वीस मायक्रॉनही असू शकतं. खाचेची खोली सकाळी एक आणि दुपारी दुसरी येत असेल तर जॉब नाही, स्पिंडल बघा. कामाच्याच वेगाला फिरवत ठेवून तो स्थिर होऊ द्या, मग टूलची लांबी घ्या.

पडद्यावर चार दशांश दिसतात म्हणून मशीन तेवढं अचूक आहे असं धरू नका, हेही त्यातच आलं.

नवी_रेघ

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर विचार केला. खाच फक्त द्रव पसरवण्यासाठी आहे, रुंदी आणि खोली ±२० चाललं तरी कामात फरक नाही. भोकं महत्त्वाची, प्रवाह तीच ठरवतात. भोकांची जागा खाचेपासून ±१५.

अचूकमापी

मग सगळं कष्टाचं माप भोकांच्या व्यासात एकवटतं, आणि ते बरोबरच आहे. प्रवाह शांत, थरांचा असेल तर तो व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. २५० मध्ये ५ मायक्रॉन म्हणजे २ टक्के, प्रवाहात ८ टक्के. वेग जास्त असून भोक ऑरिफिससारखं (पातळ पत्र्यातल्या भोकासारखं) वागत असेल तर वर्गाने, म्हणजे ४ टक्के.

पण ०.२५ चं भोक १.२ मिमी खोल मोजणार कसं? कॅमेरा तोंडाची कड बघतो, आतला टेपर (निमुळतेपणा) नाही. कडेला बर (कापताना उरलेला धातूचा बारीक कंगोरा) असेल तर तिचंच माप घेतो. पिन गेज बारीक आणि ठिसूळ, आणि तो फक्त सगळ्यात अरुंद जागा सांगतो. माझा सल्ला असा की भोकाचा व्यास ±१० ठेवा आणि स्वीकाराची अट प्रवाहावर लावा. ठरावीक दाबाला, ठरावीक तापमानाला, गाळलेल्या स्वच्छ द्रवाचा अमुक इतका प्रवाह. तुम्हाला हवी असलेली गोष्ट थेट मोजली जाते. टेपर, कडेची गोलाई, आतला खडबडीतपणा, सगळं त्यात आपोआप आलं.

गाभा

हे फार चांगलं सुचवलंत.

भोकं पाडताना: आधी आखूड, ताठ स्पॉट ड्रिलने खूण, तिचा टोकाचा कोन मुख्य ड्रिलच्या कोनापेक्षा मोठा, म्हणजे ड्रिलचं टोक आधी टेकतं, कोपरे नाहीत. मग थोडं थोडं आत जाऊन बाहेर येत. खोली व्यासाच्या जवळजवळ पाच पट आहे, चिप अडकली की ड्रिल गेलं. आणि इथेही खाचेचाच नियम, घासत ठेवू नका. तळाशी ड्रिलला थांबू तर अजिबात देऊ नका, ३१६एल तिथेच कडक होतो.

आप्पांच्या क्रमात बारवर भोकं पाडताना ती चकतीच्या जाडीपेक्षा थोडी खोल न्यायची. मग पार्ट ऑफ करताना भोकाचं दुसरं तोंड उघडतं. तिथे ओढलेली बर येते, ती लॅपिंगमध्ये बरीचशी जाते, पण लॅपिंगची लुकण भोकात भरते. अल्ट्रासॉनिकने धुणं आलंच.

टर्नर_आप्पा

बरवर थोडं थांबूया, कारण नवख्यांना तो शेवटचा किरकोळ टप्पा वाटतो. मोठ्या जॉबवर २० मायक्रॉनची बर फाइलने एका हाताने जाते. तुमच्या ०.३ च्या खाचेच्या काठावर तेवढी बर म्हणजे खाचेच्या रुंदीचा पंधरावा भाग. फाइल तिथे पोचत नाही, ब्रश ती मोडून खाचेत पाडतो. आणि सुटलेला तो तुकडा नंतर व्हॉल्व्हमध्ये फिरतो.

आधी बर कमी येईल असं बघायचं: तीक्ष्ण टूल, पुरेसा फीड, खाच झाल्यावर तोंडावरून एक हलका पास, पुन्हा खाचेतून एक रिकामी फेरी. उरलेली सूक्ष्मदर्शकाखाली हाताने, किंवा नग जास्त असतील तर इलेक्ट्रोपॉलिशिंग (द्रवात बुडवून विजेने धातूचा पातळ थर काढणं). ३१६एलला ते छान लागू पडतं. ध्यानात ठेवा, ते सगळीकडूनच माल खातं. भिंतीवरून ५ मायक्रॉन गेले तर ०.२५ चं भोक ०.२६ होतं. ड्रिलचा व्यास त्या हिशेबाने आधीच लहान निवडायचा आणि प्रवाहाची चाचणी पॉलिशिंगनंतर घ्यायची.

नवी_रेघ

कळवते. १ मिमी मानेचं ०.२५ टूल, श्रिंक फिट होल्डर आणि वाढवलेला फीड यावर खाच नीट येते आहे. तळ आता मंद दिसतो, चमक गेली. टूल टिकताहेत. मशीन तेच आहे.

ड्रॉइंग नव्याने काढते आहे: खाच ±२०, भोकांची जागा ±१५, भोकाचा व्यास ±१० आणि प्रवाहाची अट, इलेक्ट्रोपॉलिशिंगनंतर. बुशचा बोअर बॉडीत दाबल्यावर एफ७, सोबत गोलाईची वेगळी अट. अजून काही राहतंय?

अचूकमापी

गोलाईच्या अटीशेजारी मापनाची पद्धत लिहा, नाहीतर कोणीतरी दोन बिंदूंवरच तपासेल. मापनाचं तापमान आणि पीक फिनिश केल्यापासून किती वेळाने मोजायचं तेही लिहा.

गाभा

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नेहमीची छापील सूचना असेल ना, "सर्व तीक्ष्ण काठ ०.२ × ४५° तोडावेत"? ती काढा. ०.२५ च्या भोकाला ती लावली तर तोंड ०.६५ चं होतं आणि खाचेचा दोन तृतीयांश भाग ०.२ खोलीपर्यंत पसरट होतो. तपासणारा कागदावर बोट ठेवून तेच मागेल. आयएसओ १३७१५ प्रमाणे काठाची स्थिती वेगळी दाखवा: भोकांच्या आणि खाचेच्या काठांना बर नको, गोलाई कमाल ०.०२. बाहेरच्या ६ मिमी व्यासाला कमाल ०.०५.

नवी_रेघ

होती. अगदी हेच शब्द. काढते.

टर्नर_आप्पा

गाभा खाचेचा दोन तृतीयांश भाग म्हणाले त्यात थोडी दुरुस्ती: खोली ०.६ आहे, त्यातला वरचा ०.२, म्हणजे एक तृतीयांश. मुद्दा तोच राहतो. आणि नवी रेघ, इलेक्ट्रोपॉलिशिंगने काठ आपोआप थोडा गोल होतोच, त्यामुळे ०.०२ ची मर्यादा पहिल्या काही नगांवर छेद घेऊन पाहा आणि मगच कायम करा.